चौघांचा बँड पोकळ का वाटतो?

चार वादकांचा बँड समारंभात पोकळ वाटतो, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं. प्रश्न संख्येचा नसतो, कोण कुठल्या सप्तकात वाजवतोय याचा असतो. कीबोर्डवाल्याचा डावा हात खर्जात, म्हणजे बास गिटारच्याच खालच्या सुरांत, धुमाकूळ घालायला लागला की बास गिटार झाकोळते आणि सगळा गोंधळ होतो. तोच हात त्याने आवरता घेतला की बँड मोकळा आणि भरलेला, दोन्ही वाटतो.

अमेरिकी जॅझ पियानोवादक नॅट किंग कोल यांचं १९३७ साली जमलेलं त्रिकूट घ्या: पियानो, गिटार, डबल बास. ड्रम नाहीच! ठेका गिटारच्या स्ट्रोकमधून आणि बासच्या चालीतून येतो. क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांच्या १९३५च्या त्रिकुटात उलट, क्लॅरिनेट, पियानो आणि ड्रम. तिथे बासची उणीव पियानोवादक टेडी विल्सन यांचा डावा हात भरून काढतो. (म्हणजे डावा हात वाईट नव्हे, फक्त शेजारी बासवाला उभा असताना जरा सबुरीनं.)

पट्टीचा, म्हणजे गाणं किती वरच्या किंवा खालच्या सुरात गायचं याचा, मुद्दा मात्र तुम्ही काढला नाही. आयत्या वेळी पाहुण्यांपैकी कुणीतरी गायला उठतं आणि त्यांना गाणं दोन स्वर खाली हवं असतं. कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं (सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारं) बटण दाबून मोकळा. गिटारवाल्याचा कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) पट्टी फक्त वर नेतो, खाली यायचं तर कॉर्डच बदलाव्या लागतात. सॅक्सोफोनवाल्याला तर बोटंच नव्याने लावावी लागतात, आणि तेही पहिल्या ओळीच्या आत.