कामावरून काढलेला माणूस परत गेटवर आला तर?

प्रश्न: आमच्या गोदामातून परवा एकाला काढलं. जाताना सुपरवायझरना 'बघून घेतो' म्हणाला. मी गेटवर रात्रपाळीला असते. तो आला तर काय करायचं?

उत्तर: त्याचं कार्ड बंद झालंय का, ते आधी विचारा. धमकीचे नेमके शब्द, वेळ, कोणी ऐकलं, सगळं रजिस्टरमध्ये उतरवा. नुसतं 'वाद झाला' लिहून भागत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या करार क्र. १९० मध्ये धमकीसुद्धा हिंसेतच धरली आहे. सुपरवायझरना गाडीपर्यंत सोबत द्या.

दुसरं उत्तर: मी बरीच वर्षं गेटवरच आहे. आलाच तर दोन हात अंतर ठेवा, जरा तिरकं उभं राहा, हात मोकळे आणि दिसतील असे. आवाज त्याच्यापेक्षा खाली. त्याची परतीची वाट अडवू नका. रस्ता दिसला की पुष्कळजण वळतात. तुमच्याही मागे दार मोकळं हवं. हत्यार दिसलं की बोलणं थांबवा, आत जाऊन कुलूप लावा, पोलिसांना फोन.

प्रश्नकर्ती: कार्ड अजून चालूच आहे! आत्ताच कळवते.

पहिले उत्तरदाते: लगेच कळवा. आणि रात्री जोडीला माणूस मागाच, लेखी मागा.