‘काहीच ठरत नाही’ म्हणणाऱ्या १९ ते २४ वयाच्या मुलांना पहिल्या दोन महिन्यांत नेमकी कशी मदत करावी?

प्रश्न – नवा_सोबती

स्वयंसेवक म्हणून या वयोगटातल्या मुलामुलींना दर पंधरा दिवसांनी ४५ मिनिटं भेटायचं काम घेतलं आहे. शिक्षण संपलेलं किंवा संपत आलेलं, पुढे काय ते कळत नाही, अशी ही मुलं. ‘तुला काय आवडतं?’ असं विचारलं की ‘माहीत नाही’ हे उत्तर येतं आणि गाडी तिथेच अडते. सुरुवात कशी करावी? आवडीच्या चाचण्या द्याव्यात का? आणि घरच्यांचं वेगळं मत असेल तर आपण कुठे उभं राहायचं? पायऱ्या, वेळ, सगळं तपशिलात सांगितलंत तर फार बरं होईल.

प्रतिसाद – उंबरठा

आधी अडलंय कुठे ते ओळखा. मानसशास्त्रज्ञ इतामार गाती आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये करिअर ठरवताना येणाऱ्या अडचणींचे तीन मोठे गट मांडले: ठरवण्याची तयारीच नसणं, पुरेशी माहिती नसणं, आणि हाती असलेल्या माहितीत मेळ नसणं. बाहेरून तिन्ही मुलं सारखीच दिसतात, तिघंही ‘माहीत नाही’च म्हणतात. इलाज मात्र वेगवेगळे आहेत.

पहिल्या भेटीत एवढंच विचारा: ‘आज रात्रीच ठरवायचं असतं, तर काय निवडलं असतंस?’ मग गप्प बसा. दहा-पंधरा सेकंदांची शांतता तुम्हालाच जड जाईल, पण मध्ये बोलू नका.

उत्तर चटकन आलं आणि मागोमाग ‘पण...’ आला, तर माहिती भरपूर आहे, ओढाताण आहे. ‘कशातून निवडू तेच कळत नाही’ म्हणाली, तर माहिती कमी आहे. आणि ‘चुकलं तर आयुष्य वाया जाईल’ अशा अर्थाचं काही आलं किंवा विषयच बदलला, तर आधी त्या भीतीवर बोलायला हवं. सर्रास होणारी चूक म्हणजे तिघांनाही अभ्यासक्रमांची यादी पाठवणं. घाबरलेल्या मुलाला चाळीस पर्याय दिले की तो आणखी गारठतो.

‘माहीत नाही’ला उत्तर म्हणून ‘काय आवडतं’ऐवजी ‘गेल्या आठवड्यात वेळेचं भान कधी सुटलं?’ किंवा ‘लोक तुझ्याकडे कशासाठी मदत मागतात?’ असं विचारा. आवड हा मोठा शब्द आहे, मुलं त्याला बिचकतात. गेल्या आठवड्याबद्दल मात्र सगळ्यांना सांगता येतं.

प्रतिसाद – शाईपेन

वरच्याला पुस्ती. पहिल्या आणि दुसऱ्या भेटीच्या मधल्या १४ दिवसांसाठी नोंदवही द्या. दिवसाला चार-पाच नोंदी पुरेत. प्रत्येक ओळीत वेळ, काय केलं, आणि त्यानंतर अंगात जोर आला की गेला, उणे २ ते अधिक २ या मापात. अशी:

मंगळवार, ११ ते १२ – हिशोबातला फरक शोधला, +२
मंगळवार, १२ ते १२:३० – तोच हिशोब सगळ्यांसमोर मांडला, −१
मंगळवार, ४ ते ५ – धाकट्या भावाला गणित समजावलं, +१

या तीन ओळींत केवढं आहे बघा. मुलगा म्हणेल ‘मला हिशोब आवडतो’, पण वही सांगते की शोधणं आवडतं, एकाला समजावणं चालतं, गर्दीपुढे मांडणं नको. म्हणून विषयाचं नाव लिहू देऊ नका, क्रियापद लिहायला लावा. ‘कॉम्प्युटर’ या नोंदीतून काहीच हाती लागत नाही. ‘जुळवलं’, ‘रंगवलं’, ‘पटवलं’, ‘दुरुस्त केलं’ यांतून लागतं.

वही फसते ती दोन कारणांनी. एक, सगळं रात्री आठवून लिहिलं जातं आणि दिवसाचा शेवट जसा गेला तसेच सगळे आकडे पडतात. फोनवर दुपारी आणि संध्याकाळी अशी दोन स्मरणं लावून द्या. दोन, मुलं तुम्हाला बरं वाटेल असं लिहितात. ‘वही तुझ्याकडेच ठेव, मला फक्त तुला हव्या त्या ओळी वाचून दाखव’ असं आधीच सांगितलं की हे बरंच कमी होतं.

प्रतिसाद – षट्कोन

चाचण्यांबद्दल. बहुतेक आवड-चाचण्यांच्या मुळाशी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेला विचार आहे. त्यातले सहा प्रकार म्हणजे वास्तववादी (हाताने, अवजारांनी काम करणारे), शोधक, कलात्मक, सामाजिक (लोकांना मदत करणारे, शिकवणारे), उद्यमी (लोकांना पटवणारे, पुढाकार घेणारे) आणि पारंपरिक (नोंदी-आकडे नेटके ठेवणारे). सर्वाधिक गुणांचे पहिले तीन क्रमाने घेऊन व्यक्तीची खूण ठरते. द्या जरूर, पण वही भरून झाल्यावर. आधी दिली तर मुलगा निकालाला साजेशाच नोंदी करायला लागतो.

चाचणी आवड मोजते, कुवत नाही. कलात्मकमध्ये गुण जास्त म्हणजे हात चांगला आहे असं नव्हे. सोडवताना पगार किंवा पात्रतेचा विचार करायचा नाही, ते काम करायला आवडेल का एवढंच बघायचं, हे आधी स्पष्ट सांगा. सहाही गुण जवळपास सारखे आले तर चाचणी फुकट गेली असं समजू नका. अनुभव तोकडा असेल किंवा मन खचलेलं असेल, तर असा सपाट निकाल येऊ शकतो. अशा वेळी पुन्हा चाचणी देण्यापेक्षा दोन नवी कामं हाताळायला लावा.

नवा_सोबती

वहीचं लगेच करतो. पण घरच्यांचा मुद्दा राहिलाच. मुलगी म्हणते, ‘डिझाइन शिकायचंय, पण घरी पटणार नाही.’ इथे काय बोलावं?

प्रतिसाद – उंबरठा

‘अगं, हल्ली डिझाइनला खूप वाव आहे’ असं बोलू नका. तुम्ही बाजू घेतलीत की ती लगेच घरच्यांची बाजू मांडायला लागते. दोन्ही बाजू तिच्याच मनात आहेत, एक तुम्ही उचललीत की तिच्या हातात दुसरी उरते. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या प्रेरक संवादाच्या, म्हणजे बदलाची कारणं समोरच्यालाच बोलू देण्याच्या पद्धतीत हाच धोका टाळलेला आहे. त्याऐवजी: ‘म्हणजे शिकायची ओढ आहे, आणि घरच्यांना दुखवायचंही नाही.’ बस. पुढचं वाक्य तिचं असू द्या.

घरी तिने परवानगी मागायला जाऊ नये, मुदत मागावी. ‘मला डिझाइनर व्हायचंय’ यावर ‘नाही’ म्हणणं सोपं असतं. ‘तीन महिने, रोज दीड तास, एवढा खर्च, या तारखेला ही दोन कामं करून दाखवीन, नाही जमलं तर तेव्हा परत बोलू’ याला सरसकट नकार देणं अवघड. हे एका कागदावर लिहून न्यावं. घरच्यांची भीती बहुधा पैसे आणि वाया जाणाऱ्या वर्षाची असते, आणि कागदावर दोन्हींना आकडा मिळतो. तिच्या वतीने तुम्ही घरी फोन करू नका. संमतीशिवाय तर नाहीच.

प्रतिसाद – वाटपाहणी

तिसऱ्या भेटीपासून बाहेर पाठवा. दोन कामं.

एक, ज्या क्षेत्राची ओढ दिसते त्यातल्या पाच जणांशी प्रत्येकी २० मिनिटं बोलणं. ‘तुमचं काम कसं आहे?’ विचारलं की गुळगुळीत उत्तर मिळतं. ‘काल सकाळपासून काय काय केलंत?’, ‘यातला कंटाळवाणा भाग कोणता?’, ‘पहिल्या वर्षी लोक का सोडून जातात?’ असं विचारायचं. माणसं शोधताना जवळच्या मित्रांच्या पलीकडे जायला सांगा. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं की नवी माहिती बहुधा तोंडओळखीच्या माणसांकडून येते, कारण जवळच्यांना आपल्याइतकंच माहीत असतं.

दोन, त्या क्षेत्रातलं छोटं काम स्वतः करून पाहण्याचा १० ते २० तासांचा प्रयोग, तीन आठवड्यांत. सुरू करण्यापूर्वी दोन वाक्यं लिहून घ्या: ‘हे दिसलं तर पुढे जाईन’ आणि ‘हे दिसलं तर थांबेन’. नंतर लिहिली तर केलेल्या कष्टांच्या लोभाने निकष सैल होतात. आणि ‘वेळ मिळेल तसं करेन’ चालणार नाही. ‘रात्रीचं जेवण झालं की टेबलाशी बसून ४० मिनिटं’ असं कधी-कुठेसकट ठरवायचं.

शेवटची गोष्ट, जी या सगळ्याच्या आधी येते. सलग दोन आठवडे उदासी, झोप-भूक बिघडलेली, पूर्वी आवडायचं तेही नकोसं, असं दिसलं तर वही, चाचणी, प्रयोग सगळं बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला मदत करा. जगण्यात अर्थ नाही असं काही बोलली तर स्पष्ट शब्दांत विचारा की जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी तज्ज्ञापर्यंत पोचवा. इथे संमतीची वाट न पाहता विश्वासातल्या मोठ्या माणसाला कळवावं लागतं, हे पहिल्याच भेटीत मुलांना सांगून ठेवा.