पाच आठवड्यांनी आलेली गाठ आणि 'सीलबंद' कुपी

प्रश्न (परभणी):
माझा धाकटा भाऊ लातूरला खोली करून पोलीस भरतीची तयारी करतो. जिममधील प्रशिक्षकाकडून त्याने टेस्टोस्टेरॉनची (स्नायू वाढवणाऱ्या स्टिरॉइडची) तेलातील इंजेक्शने चिठ्ठीशिवाय, बिलाशिवाय घेतली. कुपी तिघांत एकच होती, सुया मात्र वेगळ्या होत्या असे तो सांगतो. शेवटच्या इंजेक्शनाला पाच आठवडे झाले असून कुल्ल्यावर सुपारीएवढी गाठ आली आहे आणि वरची कातडी जांभळट झाली आहे. ताप नाही. मेडिकलवरून आणलेल्या अँटिबायोटिकने फरक पडलेला नाही. कुपी सीलबंद होती आणि टोचण्यापूर्वी गरम पाण्यात ठेवली होती, तेव्हा जंतू राहणारच नाहीत, असे प्रशिक्षक म्हणतात. हे खरे मानावे काय? आईला अद्याप काही सांगितलेले नाही.

उत्तर 1 (प्रयोगशाळा तंत्रज्ञ, छत्रपती संभाजीनगर):
गरम पाण्याने तेल पातळ होते, निर्जंतुक होत नाही; काही जिवाणूंचे बीजाणू तर उकळत्या पाण्यातही टिकतात. ऑटोक्लेव्हची, म्हणजे दाबाखाली वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची, 121 अंशांची वाफसुद्धा तेलात शिरत नाही, म्हणून अशा औषधांसाठी कोरडी उष्णता किंवा अतिसूक्ष्म गाळणी लागते. सीलचे म्हणाल, तर बुचावर टोपी दाबून बसवण्याचे हातयंत्र कोणालाही विकत मिळते.

इतक्या उशिरा, तापाशिवाय आलेल्या गाठीत क्षयाच्या जंतूंच्या भाऊबंदांचा, म्हणजे माती-पाण्यात राहणाऱ्या मायकोबॅक्टेरियांचा संशय घ्यावा लागतो. नेहमीच्या अँटिबायोटिकला ते सहसा दाद देत नाहीत. सर्जनकडून सुईने पू काढून घ्यावा आणि चिठ्ठीवर मायकोबॅक्टेरियाचे कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) असे स्पष्ट लिहून घ्यावे, अन्यथा साध्या कल्चरच्या प्लेट हे जंतू वाढण्याआधीच, दोन-तीन दिवसांत टाकून दिल्या जातात. सूक्ष्मदर्शकाखाली हे जंतू क्षयाच्या जंतूंसारखेच लाल दिसतात; तेवढ्यावरून क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या तर महिने वाया जाऊ शकतात.

उत्तर 2 (जालना):
दादा, मलाही अशीच गाठ आली होती, तेव्हा मी सर्जनना 'बी-12 घेतले होते' असे सांगितले. दोनदा चीर दिली, दोनदा गाठ परत आली. तिसऱ्या वेळी खरे बोललो, तेव्हा योग्य तपासणी झाली. सुया वेगळ्या असल्या तरी वापरलेली सिरिंज पुन्हा कुपीत गेली असेल, तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही तिघांनाही पोहोचू शकतात. चाचण्या आता आणि तीन महिन्यांनी पुन्हा कराव्यात.

उत्तर 3 (निवृत्त फार्मासिस्ट, नांदेड):
2012 साली अमेरिकेत मिथाइलप्रेडनिसोलोन या वेगळ्या जातीच्या स्टिरॉइडच्या कुप्यांत बुरशी निघाली. 753 जण आजारी पडले, 64 दगावले. ते औषध काळ्या बाजारातले नव्हते, नोंदी होत्या, म्हणून सुमारे 14,000 जणांना गाठून सावध करता आले. तुमच्या भावाच्या कुपीचे बिल नाही. ती आणखी कोणाकोणाला गेली, हे प्रशिक्षकांखेरीज कोण सांगणार?

प्रश्नकर्ता:
काल सर्जनकडे गेलो, पू तपासणीला दिला. तळाशी तेल उरलेली कुपीही पिशवीत बांधून सोबत नेली होती. उरलेल्या दोघांना भावाने फोन केला. एकाच्या दंडावर तशीच गाठ आहे आणि तो हळद लावून बसला आहे. सोमवारी त्यालाही घेऊन जात आहे.