मदत हवी आहे: थायरॉईड, द्राक्षबागेतली फवारणी आणि बोअरचं पाणी

आमची तासगाव भागात द्राक्षबाग आहे. बायकोचं (वय ३१) टीएसएच (थायरॉईड कमी काम करायला लागलं की वाढणारं हार्मोन) दोन वर्षांत ३.१ वरून ९.४ झालं. दीड महिन्याने पुन्हा तपासलं, तेवढंच. अँटी-टीपीओ (शरीरच थायरॉईडवर हल्ला करतंय का, ती रक्ततपासणी) निगेटिव्ह, घरात कुणाला थायरॉईड नाही, मीठ आयोडीनचंच. डॉक्टरांनी ५० मायक्रोग्रॅमची गोळी चालू केलीय, ती बंद करायचा विचार नाही.

गोडी छाटणीनंतर (फळासाठीची छाटणी) डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी एम-४५ (मॅन्कोझेब हे बुरशीनाशक) सारखं मारावं लागतं. ड्रममध्ये औषध कालवायचं काम तिचं. पिवळी पूड कोपरापर्यंत, तोंडाला नुसता स्कार्फ. मॅन्कोझेबपासून ईटीयू नावाचं रसायन तयार होतं आणि ते थायरॉईडमधलं हार्मोन बनवणारं एन्झाइम अडवतं, असं वाचलं. युरोपने २०२० मध्ये मॅन्कोझेबची परवानगी पुढे वाढवली नाही, तेही कळलं. आता कालवायला मी जातो, पण कपडे अजून तीच धुते.

शिवाय बोअरच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ७८ मिग्रॅ निघालं (मर्यादा ४५). नायट्रेट थायरॉईडला आयोडीन शोषू देत नाही म्हणे. शेजारी म्हणतात उकळून प्या, पण उकळून पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं. म्हणून प्यायला आरओ बसवलाय.

फवारणी बंद करणं परवडणारं नाही आणि आम्हाला मूल हवंय, त्यामुळे घाई आहे.

लघवीतलं आयोडीन आणि ईटीयू तपासणारी लॅब सांगली-कोल्हापूर-पुण्यात कुणाला माहीत आहे का? आणि नमुना फवारणीनंतर किती तासांत द्यावा?