कान्हेरीच्या पाण्याच्या टाक्यांविषयी थोडी भर

प्राचीन पाणीपुरवठ्यावरील या चर्चेत रोमन जलसेतूंचे, म्हणजे दूरचे पाणी शहरात आणणाऱ्या बांधीव कालव्यांचे, झालेले कौतुक रास्तच आहे. आजच्या फ्रान्समधील नीम शहरासाठी बांधलेल्या सुमारे ५० किलोमीटर लांबीच्या कालव्याचा एकूण उतार २० मीटरही नाही, ही अचूकता थक्क करणारी आहे. मात्र त्यावरून ‘प्राचीन कोकणात या तोडीचे काहीच नव्हते’ असा जो निष्कर्ष एका प्रतिसादात काढला आहे, तो घाईचा वाटतो. रोमनांना दूरच्या झऱ्याचे पाणी शहरात आणायचे होते. कोकणात पावसाळ्याच्या चार महिन्यांचे पाणी उरलेले आठ महिने पुरवायचे होते.

मुंबईच्या साष्टी बेटावरील कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत आणि त्यांतील बहुतेकांच्या अंगणालगत कातळात खोदलेले टाके आहे, ज्याला तेथील शिलालेखांत ‘पोढी’ म्हटले आहे. कातळाच्या उतारावरचे पाणी खोदलेल्या चरांतून टाक्यात उतरते, आणि टाक्याचे तोंड लहान व पोट कातळाच्या आत असल्यामुळे ते उन्हाने फारसे उडून जात नाही.

या लेण्यांना दान देणाऱ्यांत कल्याण, सोपारा आणि चेऊल या कोकणातील जुन्या बंदरांतील व्यापारी आहेत. एका टाक्यावरील लेखात तर वासिष्ठीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाची राणी महाक्षत्रपाची, म्हणजे क्षत्रप घराण्यातील राजाची, कन्या असल्याचा उल्लेख असून टाके शतेरक नावाच्या अमात्याने (मंत्र्याने) दिलेले आहे. सातवाहन आणि क्षत्रप या दोन वैरी घराण्यांच्या सोयरिकीचा पुरावा पाण्याच्या टाक्यावर मिळावा, हे मला विशेष वाटते.