हवामानबदल शिकवण्यासाठी वर्गात कोणता खेळ घ्यावा?

खडूफळा:
मी नववीला भूगोल शिकवते. हवामानबदलाचा भाग मुलांच्या गळी उतरावा म्हणून पुठ्ठ्यावर सापशिडी तयार केली होती. झाड लावले की शिडी, कचरा जाळला की साप. तास संपला तरी मुले उठेनात, परंतु दुसऱ्या दिवशी त्यांना ९८व्या घरातला साप तेवढा आठवत होता. तो कशाचा, हे एकालाही सांगता आले नाही. चाळीस मुले, पस्तीस मिनिटांचा तास आणि जवळजवळ शून्य खर्च, यात बसेल असा खेळ कोणी घेतला आहे का?

ओसरी:
सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. तिथे फाशाच्या दानावर अवलंबून असणे हाच शिकवणुकीचा भाग होता. तुमच्या पटावर मात्र मुलांनी काहीच ठरवले नाही, मग लक्षात काय राहणार? फ्रान्समध्ये २०१५ साली तयार झालेला ‘क्लायमेट फ्रेस्क’ पाहा. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या अहवालांवर आधारलेले ४२ पत्ते कारण-परिणामाच्या क्रमाने मांडायचे असतात. त्याला तीनेक तास लागतात, म्हणून लहान मुलांसाठीची सोपी आवृत्ती घ्यावी.

विहीरकाठ:
पत्ते लावून कारणे कळतील, पण हाव आणि तिचा हिशेब कळायचा तर वेगळा खेळ हवा. आंध्र प्रदेशातील गावांमध्ये भूजलाचा असा खेळ घेतला गेला होता, ज्यात शेतकरी जास्त किंवा कमी पाण्याचे पीक निवडत. आधी एकमेकांशी न बोलता आणि मग बोलून. खेळानंतर गावाची बैठक होई, आणि पाण्याचे नियम ठरवण्याकडे अशा गावांचा कल अधिक दिसला.

मी त्यावरून चिंचोक्यांचा खेळ केला. पाच जणांच्या गटापुढे परातीत ३० चिंचोके, म्हणजे त्यांची विहीर. दरवर्षी प्रत्येकाने गुपचूप पीक लिहायचे: उसाला तीन चिंचोके, हरभऱ्याला एक, मात्र उसाचे पैसे दुप्पट. मग डब्यातून पावसाची चिठ्ठी काढायची; चिठ्ठ्यांवर ४, ५ आणि ६. सगळ्यांनी ऊस लावला तर तीन वर्षांत परात कोरडी पडते. दुसऱ्या डावात डबा बदलायचा आणि चिठ्ठ्या ०, ५, १० ठेवायच्या. सरासरी तीच, पण विहिरीत तीसहून जास्त मावत नाहीत, त्यामुळे भरल्या विहिरीतून सगळ्यांनी हरभरा पिकवला आणि मग दहाचा पाऊस पडला तर निम्मा वाहून जातो. चिठ्ठी म्हणजे त्या वर्षापुरती हवा आणि डबा म्हणजे अनेक वर्षांचे हवामान, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

खडूफळा:
आठ गट म्हणजे २४० चिंचोके आणि वर पावसाचे. तेवढे घरात निघतील. दोन्ही डाव एकाच तासात बसतील का?

विहीरकाठ:
नाही. पहिला डाव एका तासात, दुसरा पुढच्या तासात घ्या आणि चर्चेला तिसरा तास राखून ठेवा. मी चर्चा एकदा गाळली होती. मुलांनी फक्त कोण जिंकले एवढेच विचारले.