चौदा वर्षांखालच्या मुलांना टीव्हीवर 'बाद' करणं थांबवायला हवं

माहुली (धागाकर्ती)

थेट मुद्द्यावर येते. मुलांनी टीव्हीवर गाऊ नये, नाचू नये असं माझं म्हणणं मुळीच नाही. माझा विरोध आहे तो नऊ-दहा वर्षांच्या लेकराला कॅमेऱ्यासमोर उभं करून 'तुझा प्रवास इथेच थांबतोय' असं सांगण्याला. मग त्याचं रडणं, आईचं रडणं, परीक्षकांनी डोळे टिपणं, हे सगळं संथ करून, मागे व्हायोलिन लावून दाखवायचं. पुढच्या आठवड्याच्या प्रोमोत पुन्हा तेच रडणं. मूल गाण्यासाठी आलं होतं, आणि आपल्यापुढे येतात ते त्याचे अश्रू.

आपल्याकडे याबाबत कायदा आहे, हे फार कमी पालकांना ठाऊक असतं. २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यावर सरसकट बंदी आली, पण टीव्ही, चित्रपट, जाहिरातींतल्या बालकलाकारांना अटींसह मुभा मिळाली. २०१७ च्या नियमांत त्या अटी स्पष्ट आहेत. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, ओळीने २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकायचा. मुलाच्या मनाविरुद्ध त्याला कशातही भाग घ्यायला लावायचं नाही.

मनाविरुद्ध! हरल्यावर लगेच तोंडासमोर माईक धरलेला कोणत्या मुलाला आवडतो?

जून २०१९ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानेही वाहिन्यांना सांगितलं होतं की नाचाच्या कार्यक्रमांत लहान मुलांना मोठ्यांसारख्या सूचक हावभावांत दाखवू नका. पण तो केवळ सल्ला होता.

माझी मागणी एवढीच: चौदाखालच्या गटात बाद फेरी नको आणि प्रेक्षकांची मतं नकोत. सगळ्यांना शेवटपर्यंत गाऊ द्या. तुम्हाला काय वाटतं?

---

मांजराकाठ

पूर्ण असहमत, आणि वाचून रागही आला. असे धागे बहुतेक ज्यांच्या घरापासून नाट्यगृह रिक्षाने वीस मिनिटांवर आहे तेच काढतात.

झी मराठीवरचं २००८-०९ चं 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स' आठवा. ज्यांना 'पंचरत्नं' म्हणायचे त्यांची गावं बघा. कार्तिकी गायकवाड आळंदीची, रोहित राऊत आमच्या लातूरचा, मुग्धा वैशंपायन अलिबागची, प्रथमेश लघाटे रत्नागिरी जिल्ह्यातला. पुण्याची एकटी आर्या आंबेकर. त्याआधी लातूरच्या मुलाला मोठ्या मंचावर कोण बोलावत होतं? पुण्यात मावशी असेल, तिच्याकडे राहून क्लास लावला, गुरूंनी शब्द टाकला, तर गणेशोत्सवात दोन गाणी मिळायची. टीव्हीने ती मावशीची अट काढून टाकली.

आता मतांबद्दल. कार्तिकी जिंकली तेव्हा 'मतांवर जिंकली' म्हणून नाकं मुरडणारे मी पाहिले आहेत. तो आवाज अभंग-गौळणींतून तयार झालेला, खडा, मोकळा. नुसत्या भावगीताच्या मापाने मोजला असता तर मागे पडला असता, असं मला आजही वाटतं. ज्या लोकांनी तो आवाज कीर्तनात ऐकला होता त्यांनी फोन हातात घेतला. त्यांचं मत तेवढं नको, आणि दोन परीक्षकांचं चालेल? हे मला पटत नाही.

आणि ते पाचही जण मोडून पडले का? तेच २०२१ च्या पर्वात ज्युरी म्हणून बसले.

---

वऱ्हाडी

मांजराकाठ यांना दुजोरा. २०१९ च्या केबीसीत आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईंनी एक कोटी जिंकले. २०२४ मध्ये बारामती तालुक्यातला, रीलवर थट्टेचा विषय झालेला सूरज चव्हाण 'बिग बॉस मराठी' जिंकला. शहाण्यांनी ठरवलं असतं तर ही माणसं पडद्यावर दिसलीच नसती.

---

माहुली

@वऱ्हाडी, ही दोन्ही उदाहरणं मोठ्या माणसांची आहेत. पस्तिशीतल्या माणसाने काय सही करायची ते त्याचं तो ठरवेल. मी चौथी-पाचवीतल्या मुलांबद्दल बोलते आहे.

---

काळी चार

मी पेटी आणि गाणं शिकवते. पूर्वी पालक विचारायचे, 'बाई, प्रवेशिकेच्या परीक्षेला कधी बसवायचं?' आता दारातच विचारतात, 'ऑडिशनसाठी दोन गाणी बसवून द्याल का?' अलंकार नकोत, खर्ज नको, यमन दोन महिने नको. एक संथ गाणं, एक उडतं, तेही कॅरिओकी ट्रॅकवर.

एका मुलाचं सांगते. आठवीतला, अतिशय सुरेल. आवाज फुटायला लागला होता. अशा वेळी पट्टी उतरवायची, ताण द्यायचा नाही, वरचे सूर काही महिने सोडून द्यायचे, हे कुठलाही शिक्षक सांगेल. मी दोन पट्ट्या खाली घेतलं. वडील म्हणाले, 'ट्रॅक मूळ पट्टीतच आहे, परीक्षक वरचा पंचम ऐकणार.' पोरगं मान वर करून, गळ्याच्या शिरा ताणून तो पंचम लावायचं. तिसऱ्या वेळी आवाज चिरकला की घाबरून वडिलांकडे बघायचं, माझ्याकडे नाही. मी नाही म्हटल्यावर त्यांनी दुसरा क्लास लावला.

त्यामुळे माहुलीताई, बाद फेरी काढली तरी माझ्या वर्गातलं काही बदलणार नाही. नुकसान ऑडिशनच्या कितीतरी आधी होतं, आणि ते आपण घरचेच करतो. पण मांजराकाठ म्हणतात ते 'गावाकडच्या मुलांना दार उघडलं' हेही खरं आहे. माझ्याकडे शेजारच्या खेड्यांतून एसटीने मुलं येतात ती टीव्ही बघूनच. हे नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल.

---

बूममाईक

एका वाहिनीच्या अशाच कार्यक्रमात मी ध्वनीच्या बाजूला काम केलं आहे. नाव घेत नाही.

प्रेक्षकांना एका तासात जे दिसतं त्याला पूर्ण दिवस लागतो. लाईट लागेपर्यंत, सेलिब्रिटी पाहुणे येईपर्यंत मुलं मेकअप करून बसलेली. दोन खुर्च्या जोडून झोपलेल्या मुलीच्या फ्रॉकला लावलेला लेपल, म्हणजे कपड्याला अडकवायचा छोटा माईक, मी हळूच काढला आहे, कारण वायर गालाखाली आली होती. तिची आई ज्येष्ठमधाची काडी हातात धरून शेजारी जमिनीवर बसलेली. माणसं वाईट नसतात हो. मेकअपदादा मुलांना बिस्किटं देतात, सहायक दिग्दर्शक गृहपाठ करून घेतात. पण एपिसोड पोचवायचाच असतो.

जे मला सहन व्हायचं नाही ते 'बाईट' घेताना. मूल बाहेर पडलं की त्याला बाजूला घेऊन विचारायचं, 'आईने किती कष्ट घेतले? आता घरी जाऊन बाबांना काय सांगणार?' मूल नीट, शहाण्यासारखं उत्तर देतं. मग तोच प्रश्न पुन्हा, जरा हळू आवाजात. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हेडफोन माझ्या कानाला असायचा, त्याचा श्वास अडखळलेला सगळ्यांत आधी मला कळायचा.

पाच तासांचा नियम तिथे कोणी उच्चारलेला मी ऐकला नाही. मुलांचे आईवडीलही विचारत नव्हते.

---

मांजराकाठ

बूममाईक, तुमचा प्रतिसाद वाचून गप्प झालो होतो. ते 'बाईट' प्रकरण बंद व्हायलाच हवं, यात दुमत नाही.

पण बाद फेरीवर मी ठाम आहे. मुलं शिष्यवृत्तीच्या परीक्षेत नापास होतात, बालनाट्य स्पर्धेत पहिल्या फेरीत घरी येतात, तालुक्याच्या कबड्डीत हरतात. हरणं मुलांना नवीन नाही. सगळ्यांना शेवटपर्यंत ठेवायचं तर वाहिनी सोळाऐवजी सहाच मुलं घेईल, आणि ती सहा कुठली असतील ते मी सांगायला नको. पहिला बळी आमच्याकडच्या मुलांचा जाईल.

---

माहुली

सहाच मुलं घेतली जातील ही तुमची भीती खरी आहे, त्याचा मी विचार केला नव्हता म्हणणार नाही, पण त्यावर उपाय आहे. निवड चाचणीत विभागवार जागा ठेवता येतील. वाहिन्यांना जाहिरातदार विभागवार लागतात, मुलं का नकोत?

कबड्डीची तुलना मात्र मला मान्य नाही. तालुक्याला हरलेल्या मुलाचं रडणं गाडीत बसेपर्यंत संपतं. या मुलांचं यूट्यूबवर राहतं. खाली लोकांनी लिहिलेलं राहतं: 'हिचे वडील सेटिंग करतात', 'दिसायला बरी आहे म्हणून ठेवलंय'. दहा वर्षांच्या मुलीबद्दल! ती सोळाची झाल्यावर वर्गातलं कुणीतरी तो व्हिडिओ शोधून काढतं. शिष्यवृत्तीच्या निकालाचं असं होत नाही.

मतांचंही तेच. कार्तिकीला मतं मिळाली याचा मलाही आनंद आहे. पण मतं मागायला मुलाला जिल्हाभर फिरवावं लागतं. फ्लेक्स, नगरसेवकाच्या हस्ते सत्कार, समाजाच्या मेळाव्यात 'आपल्या लेकराला मत द्या'. गाणारं मूल बघता बघता जातीचं आणि जिल्ह्याचं उमेदवार होतं. तुमच्या लातुरात हे झालं नाही का?

---

मांजराकाठ

फ्लेक्स लागले होते. खोटं बोलणार नाही. आम्ही पोरं वर्गणी काढून लोकांच्या फोनवरून मेसेज करत होतो. पण जातीसाठी नव्हे हो, गावचं पोरगं म्हणून. गावाने कुणासाठी तरी एकत्र येणं ही मला अजूनही चांगली गोष्ट वाटते.

---

दोन लेकींची आई

मूक वाचक आहे, आज लिहिते. धाकटी साडेनऊ वर्षांची, नाचते. एका निवड चाचणीतून तिला पुढे बोलावलं आहे आणि करारनामा घरी आला आहे. इंग्रजीत, बारीक अक्षरांत. चित्रित झालेलं सगळं कुठेही, कधीही वापरायचा हक्क त्यांचा, असं एक कलम आहे. दिवसाचे तास, मुदत ठेव, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी यांबद्दल एक ओळही नाही. माहुलीताईंनी लिहिलं नसतं तर मी शोधलंही नसतं.

तिला जायचंच आहे आणि मला तिला अडवायचं नाही. मांजराकाठ, आमचं गावही नकाशावर शोधावं लागतं, त्यामुळे तुमचं म्हणणं मला फार लागलं. पण सही करण्याआधी मी चार गोष्टी लेखी मागणार आहे: परवानगीची प्रत, तासांचं वेळापत्रक, मुदत ठेवीचा उल्लेख, आणि बाहेर पडल्यावर मी शेजारी असल्याशिवाय तिच्याशी कॅमेऱ्यावर बोलायचं नाही.

बूममाईक, शेवटची अट कुठल्या शब्दांत लिहू म्हणजे त्यांना वळवता येणार नाही?

---

बूममाईक

'बाईट', 'मुलाखत', 'प्रतिक्रिया', 'बॅकस्टेज' हे चारही शब्द लिहा. एक सुटला तर त्या नावाखाली घेतील. आणि लेपल काढल्याशिवाय ती मंचावरून खाली उतरली असं समजू नका, माईक सुरूच असतो.